सर्दी आणि फ्लूमध्ये वनौषधी : लक्षण बघून उपाय कसा निवडायचा

नाक वाहायला लागलं, घसा खवखवला की हाताशी असेल ते सगळं एका पातेल्यात टाकून उकळावं, असं नवशिक्याला वाटतं. आलं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, तुळस, ज्येष्ठमध आणि वरून चिमूटभर ओवा. असा काढा तिखटजाळ होतो, आधीच सुजलेला घसा आणखी चरचरतो, पोटात जळजळ होते. शिवाय कशामुळे बरं वाटलं आणि कशामुळे त्रास झाला, हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून इथे वेगळी रीत सांगतो आहे. आधी कोणतं लक्षण सर्वांत जास्त छळतंय ते ठरवायचं, त्याला लागू पडणारी एकच वनस्पती घ्यायची, ती नीट तयार करायची आणि एक-दोन दिवस परिणाम बघायचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या. यातला कोणताही उपाय विषाणू मारत नाही. सर्दी 200 हून अधिक विषाणूंमुळे होऊ शकते आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा. त्यांचा निकाल आपली प्रतिकारशक्तीच लावते, त्याला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. या दिवसांत घशाची आग कमी करणं, रात्रीचा खोकला आवरून झोप मिळवून देणं, पोटात पुरेसं पाणी जाऊ देणं, एवढं काम वनस्पती चांगलं करतात. आजारी माणसाला सलग चार तास झोप लागणं ही फार मोठी गोष्ट आहे, त्यामुळे हे काम मी कमी लेखत नाही. पण काढ्याने आजार 'मुळापासून जातो' असं कोणी सांगितलं, तर त्यावर विसंबून तपासणी पुढे ढकलू नका.

पहिली पायरी : सर्दी आहे की फ्लू, हे ओळखा

सर्दी हळूहळू चढते. आधी घशात टोचल्यासारखं होतं, मग शिंका येतात, नाक गळतं, पुढे ते चोंदतं आणि शेवटी खोकला मागे राहतो. ताप आला तर हलका. माणूस कुरकुरत का होईना, आपली कामं करत असतो.

फ्लूची गोष्ट वेगळी. सकाळी ठीक असलेला माणूस संध्याकाळी अंथरुणाला खिळतो. थंडी वाजून जोराचा ताप, डोकं ठणकणं, पाठ आणि मांड्या दुखणं, कोरडा खोकला, उठून बसायचंही त्राण नाही, असं सगळं काही तासांत अंगावर येतं. हा फरक ओळखणं महत्त्वाचं, कारण फ्लूवर ओसेल्टामिविरसारखी विषाणूविरोधी औषधं आहेत आणि ती पहिल्या 48 तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात. घरात गरोदर बाई, 65 च्या पुढची व्यक्ती, पाच वर्षांखालचं मूल किंवा दमा, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असलेलं कोणी असेल आणि फ्लूची शंका असेल, तर काढा करत बसण्याआधी डॉक्टरांशी बोला. काढा नंतरही करता येतो, ते 48 तास परत मिळत नाहीत.

शेंबूड हिरवा-पिवळा झाला की लोक घाबरतात आणि अँटिबायोटिक मागतात. तो रंग प्रामुख्याने आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरवट विकरामुळे (एन्झाइममुळे) येतो. साध्या विषाणूजन्य सर्दीतही असं होतं आणि तिथे अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नसतो.

दुसरी पायरी : कोणाला काय द्यायचं नाही, हे आधी ठरवा

ही पायरी वगळून पुढे जाऊ नका. वनस्पती 'नैसर्गिक' असते म्हणून ती सगळ्यांना चालते, हा समज मला सर्वांत धोकादायक वाटतो.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये. बोटावर चाटवूनही नाही आणि काढ्यात उकळूनही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही, पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. हे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत.

दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाजवळ किंवा छातीवर कापूर, मेंथॉल, निलगिरी यांचं तेल किंवा मलम लावू नका. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. निलगिरी तेलाचंही तसंच, एखादा चमचा तेलही मुलाला गंभीर विषबाधा करू शकतं. या बाटल्या औषधांच्या कुलूपबंद कपाटातच ठेवाव्यात.

गरोदरपणात अडुळसा टाळा, त्याने गर्भाशयाचं आकुंचन होऊ शकतं. ज्येष्ठमधही नको. स्वयंपाकात पडतं तेवढं आलं, हळद किंवा तुळशीची दोन पानं यांना सहसा हरकत नसते, पण औषध म्हणून रोज मोठ्या मात्रेत घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, ज्यांना हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी ज्येष्ठमध गिळू नये. त्यातल्या ग्लायसिऱ्हायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी आलं, लसूण आणि हळद जेवणातल्या प्रमाणापुढे नेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर तुळशीचे मोठे डोस साखर आणखी खाली आणू शकतात, आणि मध ही शेवटी साखरच आहे हेही ध्यानात ठेवा.

तिसरी पायरी : फांट की काढा?

नवशिक्याने एकच नियम शिकायचा असेल तर तो हा: पानं आणि फुलं भिजवायची, मुळं, साली आणि कडक बिया उकळायच्या.

तुळस, पुदिना, गवती चहा, थाईम (ओव्यासारख्या वासाची युरोपीय वनस्पती) यांच्यातला उपयोगी भाग म्हणजे त्यांचं सुगंधी तेल. ते वाफेबरोबर उडून जातं. दहा मिनिटं खळखळ उकळलं की सगळा वास घरभर पसरतो आणि पातेल्यात हिरवट कडू पाणी उरतं. म्हणून पानं हाताने थोडी चुरगाळून कपात घाला, त्यावर 200 मिलीलीटर उकळतं पाणी ओता, लगेच झाकण ठेवा आणि 5 ते 7 मिनिटांनी गाळा. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत कपातच पडू द्या, त्यांत सुगंधी तेल असतं. याला फांट म्हणतात.

आलं, सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनी यांना वेळ द्यावा लागतो. 300 मिलीलीटर पाण्यात ठेचून टाका, एक उकळी आली की आच मंद करा आणि झाकण अर्धवट ठेवून 10 ते 12 मिनिटं शिजू द्या. पाणी दोन-तृतीयांश उरलं की गाळून घ्या. हा झाला काढा. मूळ आणि पान दोन्ही हवं असेल तर आधी मूळ उकळा, आच बंद करा, मग पानं टाकून झाकण ठेवा.

पातेलं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. आंबट पदार्थ घालणार असाल तर कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं वापरू नका. काढा त्याच दिवशी संपवा. उरलाच तर फ्रिजमध्ये ठेवा आणि 24 तासांनंतर टाकून द्या. साठवलेला पाला महत्त्वाचा: वाळलेल्या पानांना वास उरला नसेल तर त्यांत औषधही फारसं उरलेलं नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवलेला पाला साधारण वर्षभर चालतो. बरणीवर नाव आणि तारीख लिहा.

रानातून किंवा कुंपणावरून स्वतः पाला तोडून आणण्याच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये. दिसायला सारख्या असलेल्या दोन झाडांत एक औषधी आणि दुसरं विषारी असू शकतं.

आणखी एक: घशाला चटका बसेल इतकं गरम पिऊ नका. 65 अंश सेल्सियसच्या वर असलेली पेयं सवयीने पिणं अन्ननलिकेसाठी घातक असू शकतं, असं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये केलं आहे. कप दोन्ही हातांत आरामात धरता येईल इतपत निवू द्या.

चौथी पायरी : लक्षणाप्रमाणे उपाय

*घसा दुखतोय*

इथून सुरुवात करा, कारण या लक्षणात फरक सर्वांत लवकर जाणवतो आणि धोका सर्वांत कमी. पहिला उपाय वनस्पतीचाही नाही: 240 मिलीलीटर कोमट पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा मीठ घालून गुळण्या करायच्या. मान मागे टाका, पाणी घशाशी 15-20 सेकंद खळखळवा, थुंका. दिवसातून तीन-चार वेळा. जपानमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर निरोगी लोकांनी नुसत्या साध्या पाण्याने नियमित गुळण्या केल्या तरी सर्दीचं प्रमाण कमी झाल्याचं दिसलं होतं.

मिठाच्या पाण्याने भागलं नाही तर ज्येष्ठमध. त्याचा काढा गिळण्यापेक्षा गुळणीसाठी वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धा छोटा चमचा ज्येष्ठमधाची भरड 200 मिलीलीटर पाण्यात 10 मिनिटं मंद उकळा, गाळा, कोमट झालं की गुळण्या करून थुंका. घशाला वरून मिळणारा मऊपणा पुरेपूर मिळतो आणि ग्लायसिऱ्हायझिन पोटात जवळजवळ जात नाही. शस्त्रक्रियेत श्वासनलिकेत नळी घातल्यावर जो घसा दुखतो, त्यावर ज्येष्ठमधाच्या गुळण्यांची चाचणी झाली आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भूल देण्याआधी ज्येष्ठमधाची गुळणी केलेल्यांचा घसा नंतर कमी दुखला. सर्दीचा घसा वेगळा असला तरी हा उपाय नुसत्या ऐकीव माहितीवर उभा नाही, एवढं यावरून म्हणता येतं. मोठ्या निरोगी माणसाने काढा प्यायचाच ठरवला तर दिवसाला एक लहान कप, तोही चार-पाच दिवसांपुरता. ज्येष्ठमधाचा तुकडा दिवसभर तोंडात ठेवून चघळणं टाळा, थोडं थोडं म्हणता बरंच पोटात जातं.

लवंग चघळल्यावर घशाला बधिरपणा येतो तो युजेनॉलमुळे. एखादी लवंग दाढेखाली धरणं ठीक, पण लवंगेचं तेल घशात सोडू नका, त्याने आतली त्वचा भाजल्यासारखी होते.

*खोकला*

खोकल्याला काय द्यायचं, हे विचारलं तर माझं पहिलं उत्तर मध. घरगुती उपायांमध्ये याच्याइतका चांगला तपासला गेलेला दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही. अमेरिकेत 2007 साली 2 ते 18 वर्षांच्या 105 मुलांवर झालेल्या चाचणीत झोपण्याआधी दिलेल्या एका मात्रेने रात्रीचा खोकला आणि झोप दोन्ही सुधारले. मुलांच्या खोकल्यावरच्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यातही (झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) काहीच न देण्यापेक्षा मध बरा ठरला आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन या नेहमीच्या खोकल्याच्या औषधाच्या तुलनेत तो फारसा मागे नव्हता.

त्या चाचणीतलं प्रमाणच वापरा: 2 ते 5 वर्षं, अर्धा छोटा चमचा, 6 ते 11 वर्षं, एक छोटा चमचा, त्यापुढे दोन छोटे चमचे. वर्ष पूर्ण झालेल्या पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाला द्यायचा तर अर्ध्या चमच्याच्या वर जाऊ नका. झोपण्याच्या अर्धा तास आधी, सावकाश चाटत, म्हणजे तो घशावर लेपासारखा बसतो. मध नुसता द्या किंवा कोमट पेयात ढवळा. मुलांना दिल्यावर दात घासून झोपवा.

मधाला जोड हवी असेल तर आल्याची द्या. बोटाच्या पेराएवढं आलं किसून त्याचा रस काढा आणि तेवढ्याच मधात मिसळा, मोठ्यांना हे चाटण एक छोटा चमचा पुरे. ओल्या आल्यात जिंजेरॉल असतं. आलं वाळवून सुंठ केली की त्याच्या काही भागाचं शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं. म्हणून सुंठीचं प्रमाण ओल्या आल्यापेक्षा बरंच कमी ठेवा, 200 मिलीलीटरला चिमूट-दोन चिमूट. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी रात्री सुंठ टाळलेली बरी.

कफ चिकट आहे, सुटत नाही, अशा ओल्या खोकल्यात अडुळशाचं नाव निघतं. त्यामागे रसायनशास्त्र आहे. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रॉमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बनवलं गेलं आणि शरीरात ब्रॉमहेक्सिनचं जे रूप तयार होतं तेच ॲम्ब्रॉक्सॉल, जे खोकल्याच्या कित्येक सिरपांत असतं. पण पानापानांत व्हॅसिसिनचं प्रमाण कमी-जास्त असतं. त्यामुळे नवशिक्याने पानांचा रस काढण्यापेक्षा लेबलवर घटक आणि मात्रा लिहिलेलं सिरप घ्यावं. त्या सिरपात ब्रॉमहेक्सिन किंवा ॲम्ब्रॉक्सॉल आधीच असेल तर वर पुन्हा अडुळसा घेऊ नका.

थाईम आणि ओवा यांच्यात थायमॉल हा एकच मुख्य सुगंधी घटक आहे. थाईमचं सिरप युरोपात खोकल्यासाठी अधिकृतपणे विकलं जातं. ओव्याचा अर्धा छोटा चमचा किंचित चेचून वर सांगितल्याप्रमाणे भिजवून पिता येतो. चवीला उग्र असतो, म्हणून दिवसात एक-दोन कप पुरे.

*चोंदलेलं नाक*

पुदिन्याची गोळी चघळली की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना जागं करतं आणि मेंदूला जास्त हवा आत येत असल्याची जाणीव होते. हवेचा प्रवाह मोजला तर तो तेवढाच असतो. तरीही झोपायला ही जाणीव पुरते, म्हणून मोठ्यांनी त्याचा जरूर उपयोग करावा. मात्र कुंडीतला साधा पुदिना त्यासाठी कामाचा नाही. त्याच्या बऱ्याच जातींचा वास कार्व्होनचा असतो आणि मेंथॉल नावापुरतं. थंडाव्यासाठी पेपरमिंटची पानं लागतात.

वाफेबद्दल मला जरा कठोर बोलावंसं वाटतं. सर्दीत वाफेचा ठोस फायदा चाचण्यांत सातत्याने दिसलेला नाही, उलट कलंडलेल्या उकळत्या भांड्याने भाजल्याच्या, विशेषतः मुलं भाजल्याच्या घटना पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्या आहेत. मुलांना वाफ देऊ नका. मोठ्यांना बरं वाटत असेल तर भांडं शेगडीवरून उतरवून स्थिर टेबलावर ठेवा, एक मिनिट थांबा, चेहरा हातभर वर धरा, डोळे मिटा आणि पाच मिनिटांत आटपा. निलगिरीचे दोन थेंब पुरतात. दमा असेल तर तेल नकोच, त्या उग्र वासाने धाप लागू शकते. न्हाणीघरात गरम पाणी सोडून तिथे काही वेळ बसणं यापेक्षा सुरक्षित.

नाक खरोखर साफ करायचं असेल तर मिठाच्या पाण्याने धुणं हा उत्तम उपाय. 240 मिलीलीटर पाण्याला साधारण 2 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या छोट्या चमच्याहून थोडं कमी, आयोडीन नसलेलं मीठ. पाणी किमान एक मिनिट उकळून, कोमट करून घेतलेलंच हवं, नळाचं थेट नको. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे जण मेंदू पोखरणाऱ्या अमिबाच्या संसर्गाने दगावले होते. तेच पाणी प्यायल्याने हा धोका नसतो, कारण हा अमिबा नाकातून मेंदूकडे जातो. वापरलेलं भांडं दरवेळी धुऊन पूर्ण वाळवा. लसूण, कांदा, लिंबू यांचा रस नाकात घालण्याचे सल्ले मिळतील, ते मानू नका. नाकाचं नाजूक अस्तर त्याने होरपळतं.

*ताप, कणकण, अंगदुखी*

इथे वनस्पतींची झेप छोटी आहे. आल्याचा काढा, तुळशीचा किंवा गवती चहाचा फांट प्यायल्यावर घाम येतो, हुडहुडी थांबते, ऊब वाटते. कार्डिफ विद्यापीठातल्या सर्दी संशोधन केंद्राने 2008 मध्ये गरम आणि साध्या तापमानाचं एकच फळांचं पेय रुग्णांना देऊन पाहिलं. गरम पेयाने घसा, शिंका, खोकला, थंडी आणि थकवा यांत लगेच आराम पडला, साध्या तापमानाच्या पेयाने त्यांतल्या मोजक्याच लक्षणांत. म्हणजे काढ्याच्या श्रेयातला मोठा वाटा गरम पाण्याचा आहे. तापात शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं, तेव्हा दिवसभर थोडं थोडं काहीतरी गरम पीत राहणं हाच इथला मुख्य उपाय.

ताप त्रासदायक असेल तर पॅरासिटामॉल घ्यायला संकोच करू नका. सर्दीच्या संयुक्त गोळ्यांतही ते असतं, लेबल वाचून दुहेरी डोस टाळा. विलो या झाडाच्या सालीचा काढा तापावर म्हणून सुचवला जातो. त्यात ॲस्पिरिनच्या कुळातलं सॅलिसिन असतं, त्यामुळे 16 वर्षांखालच्या मुलांना तो देऊ नये. विषाणूजन्य तापात ॲस्पिरिन दिल्याने मुलांना राय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा दुर्मिळ आजार होऊ शकतो.

हळदीविषयी विचारणा हमखास होते. हळदीत कर्क्युमिन साधारण 2 ते 5 टक्के असतं आणि त्यातलं फारच थोडं रक्तात पोचतं. 1998 च्या एका प्रयोगात मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर दिल्यावर माणसांत त्याचं शोषण 2000 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, पण तो प्रयोग सर्दीवर नव्हता. झोपताना हळद घातलेलं गरम दूध प्यायल्याने बरं वाटत असेल तर खुशाल प्या. दुधाने कफ वाढतो, या भीतीपायी ते सोडायची गरज नाही. 1990 मध्ये सर्दीचा विषाणू दिलेल्या स्वयंसेवकांवर हे तपासलं गेलं आणि दुधाचा नि शेंबडाच्या प्रमाणाचा संबंध आढळला नाही. कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र वेगळं प्रकरण. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, सर्दीसाठी त्या घेऊ नका.

पाचवी पायरी : नोंद ठेवा आणि वेळेत थांबा

पहिल्यांदा घेत असलेली कोणतीही वनस्पती अर्ध्या मात्रेने सुरू करा. पुरळ, ओठ सुजणं, धाप लागणं असं काही झालं तर तत्काळ बंद करून डॉक्टरांकडे जा. कागदावर वेळ, वनस्पती, प्रमाण आणि कसं वाटलं, एवढं लिहिलं तरी पुढच्या सर्दीत तुम्हाला नेमकं काय लागू पडतं ते कळेल. दोन दिवसांत फरक नसेल तर ती वनस्पती सोडून दुसरी घ्या, पहिलीवर दुसरी चढवू नका. लक्षण गेलं की उपायही बंद. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून महिनोन्महिने कडू काढे पिण्याला माझा विरोध आहे. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी 2021 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आल्या, त्यांवर वादही झाला. यकृताचा किंवा स्वप्रतिकारक आजार असलेल्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये.

एकिनेशिया या सर्दीसाठी विकल्या जाणाऱ्या परदेशी फुलझाडावर कित्येक चाचण्या झाल्या, पण 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात फायदा असलाच तर फार थोडा आणि अनिश्चित निघाला. एल्डरबेरी या परदेशी झुडपाच्या फळांचं तयार सिरप घेता येतं, पण त्याची कच्ची फळं आणि पानं विषारी असतात. चक्रफुलातल्या शिकिमिक आम्लापासून ओसेल्टामिविर तयार करतात हे खरं आहे, त्यासाठी कारखान्यात बऱ्याच रासायनिक पायऱ्या ओलांडाव्या लागतात. चक्रफूल उकळून प्यायल्याने फ्लूचं औषध पोटात जात नाही. शिवाय त्याच्यासारखंच दिसणारं जपानी चक्रफूल विषारी असतं आणि त्याची भेसळ होते, म्हणून बाळांना चक्रफुलाचं पाणी अजिबात देऊ नका.

काढा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी जायचं

तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सियस किंवा जास्त ताप आला तर लगेच, दिवस-रात्र न बघता. कोणत्याही वयात धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, ओठ निळसर पडले असतील, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा जागा करूनही नीट जागा होत नसेल तर थेट रुग्णालय गाठा. मूल दूध-पाणी घेत नाही, सात-आठ तास लघवी झालेली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात, हीही तशीच लक्षणं.

ताप तीन दिवसांच्या पुढे टिकला किंवा बरं वाटून दोन दिवस झाल्यावर पुन्हा जोरात ताप आणि खोकला उलटला, तर न्यूमोनियाची शक्यता तपासून घ्यावी लागते. एका बाजूचा कान ठणकणं, गालाच्या हाडावर एकाच बाजूला दहा दिवसांहून जास्त दुखणं, घसा इतका दुखणं की स्वतःची लाळही गिळता येत नाही, थुंकीत रक्त येणं, यांवर घरी प्रयोग करू नका. सर्दीनंतरचा कोरडा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. त्याहून लांबला तर तपासणी हवीच.

डॉक्टरांना भेटल्यावर तुम्ही काय काय घेतलं ते सगळं सांगा, 'नुसता काढाच होता' म्हणून गाळू नका. ज्येष्ठमध किती दिवस प्यालात, अडुळशाचं कोणतं सिरप, हळदीच्या कॅप्सूल किती, यावरून त्यांना द्यायची औषधं बदलू शकतात. येत्या काही दिवसांत शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांनाही हेच सांगा. नाव आठवत नसेल तर बाटली किंवा पुडी सोबत घेऊन जा, आणि नोंदीचा तो कागदही.